पलीकडून धरलेला पाना

नाना, आज दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखालून बाहेर आलो आणि तसाच जमिनीवर बसून राहिलो. उठवेना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वर्कशॉपात जीव कंटाळला की बोलायला तुम्हीच सापडता. धुळ्यात आता हेल्पर टिकत नाही. थोडे दिवस येतो, एखादी ठिणगी बुटात गेली की दुसऱ्या दिवशी त्याचा फोन बंद. मीच कापतो, मीच जोडतो, मीच रंग मारतो. रावेरचा केळीवाला ट्रॉलीसाठी सकाळ-संध्याकाळ डोकं खातो. खांदा असा धरलाय की शर्ट घालताना तोंडातून शिवी निघते. तीही तुमचीच, वारशात मिळालेली.

सांगायचं आहे ते वेगळंच. मी नट वेल्ड करायला लागलो. ऐकून उठून बसाल, माहीत आहे. फाळका, म्हणजे ट्रॉलीची उघडणारी बाजू, लोखंडी चॅनलला जोडताना एकाने इकडून बोल्ट फिरवायचा आणि दुसऱ्याने पलीकडून, चॅनलच्या आत हात घालून, नट पान्याने धरून ठेवायचा. नाहीतर बोल्टाबरोबर नटही गरगर फिरतो. मी तुम्हाला कितीदा म्हटलं, नट आधीच प्लेटला चिकटवून टाकू, एका माणसात काम होईल. तुम्ही मान वर न करता विचारायचात, "आटे गयात ते मंग काय प्लेट कापशी?" म्हणणं चुकीचं नव्हतं. मोकळ्या नटाचे आटे झिजले तर तो बदलता येतो, चिकटवलेला गेला की ग्राइंडर लावावा लागतो. पण खरं कारण ते नव्हे, असं मला तेव्हाही वाटायचं. पलीकडून धरायला माय होती.

ती डबा घेऊन आली होती आणि त्या दिवशी हेल्पर नव्हता, एवढंच झालं. "धर वं जरासं," तुम्ही म्हणालात. तिने पदर खोचला आणि धरला. पुढे रोजच. अजून दिसतं मला: ती तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसली आहे, हात कोपरापर्यंत आत, तोंड भलतीकडे, कारण आतला नट दिसतच नाही, बोटांनी शोधायचा. शेजारच्या ग्राइंडरच्या आवाजात ओरडून उपयोग नाही, म्हणून पाना नटाला बसला की ती चॅनलवर ठकठक करते. मग तुम्ही फिरवता. घरात तुम्ही दोघं धड एक वाक्य बोलत नव्हता, मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत मागायचात. वर्कशॉपात मात्र दिवसभर तुमची ठकठक चालायची.

तुम्ही गेल्यावर ती माझ्यासाठी धरू लागली. मग बोटांचे सांधे सुजले. गेल्या हिवाळ्यात पाना निसटून तिच्या अंगठ्यावर बसला, नख काळंनिळं झालं, आणि मी म्हटलं, आता बास. पहिल्याच दिवशी घाई केली. आत बोल्ट न घालता नटाला टाके मारले, तो तिरका बसला आणि अख्खी प्लेट कापावी लागली. तुमचा आवाज ऐकू आला, शप्पथ. पण हात बसल्यावर काम सोपं झालं. मोठ्या कौतुकाने तिला दाखवायला नेलं. तिने एक नट बोटाने हलवून पाहिला. तो हलला नाही.

"भारी शे," ती म्हणाली. "मंग आते मन्हं आठे काय काम?"

"माय, तू घर बस आते. आराम कर."

"घर बशीसन काय करू?"

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. ओट्यावर बसून असते. ताटात अर्धी भाकरी उरते. तुमची सून विचारते काय दुखतं, ती म्हणते काही नाही. डॉक्टरने रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. नाना, तुम्ही चालताबोलता गेलात. माणूस असा बसल्या बसल्या विझत जातो हे मी आधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटते. तिचा हात वाचवायला गेलो आणि तिलाच घालवून बसतो की काय.

म्हणून आज मागच्या फाळक्याचे नट मुद्दाम मोकळे ठेवले. घरी जाऊन सांगितलं, वेल्डिंगचे रॉड संपलेत, ट्रॉली तर उद्या द्यायची आहे, येतेस का. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ती चपला शोधायला लागली. तिथे डब्यावर बसली, हात आत घातला.

"धरेल शे. फिरव."

मी फिरवला. आत नटही फिरत होता. तो अडवून धरण्याइतका जोर तिच्या बोटांत राहिलेला नाही, पाना नुसता टेकलेला होता. हाताला ते लगेच कळतं. थोडं फिरवून मी थांबलो.

"बसना का?" तिने विचारलं.

"बसना," मी म्हणालो.

एकेक करत सगळे नट असेच बसले. ती घरी गेल्यावर मी खाली शिरलो, एका हाताने पाना धरून दुसऱ्याने बोल्ट आवळत गेलो, आणि त्यातच कंबर गेली. संध्याकाळी तिने भाकरी संपवली, वर भाजी मागून घेतली. उद्याही थोडे नट मोकळे ठेवणार आहे, परवाही ठेवीन.

हे पत्र कुठे टाकायचं नसतं, म्हणून इतकं लिहिलं. तुमच्याशिवाय हे कुणाला माहीत नाही. पुढेमागे ती तुमच्याकडे आली, तर तिच्याजवळ बोलू नका.