सासऱ्यांच्या गाडीची टाकी

४ डिसेंबर, रवि.
सासऱ्यांची गाडी आज पुन्हा अंगणात ओकली. हे रोज सकाळी रेडिएटर तोंडापर्यंत भरतात, कारण "बाबा भरायचे". गाडी तापली की जास्तीचं पाणी खालच्या नळीतून बाहेर. बाबांच्या वेळी निदान विहिरीचं साधं पाणी होतं. आता ते महागडं हिरवं कूलंट, आणि माझं सारवलेलं अंगण. वीट आला.

७ डिसें., बुध.
चोपड्याचा मेकॅनिक येऊन गेला. "दादा, ह्या नळयेक एक टाकी लावया. तापलां काय भायर येतलां, थंड जालां काय परत भितर वोडटलां. आनी उक्तें दवरूं नाकात, गोड आसता तें. वीख." म्हणजे उघडं ठेवू नका, गोड म्हणून कोणी जनावर चाटेल, आणि ते विष.
हे नाही म्हणाले. जुन्या गाडीला प्लॅस्टिकची टाकी लावली तर रविवारी मांद्र्याला, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात, लोक हसतील. मग नळीखाली काय ठेवलं? माझा पेजेचा टोप. विचारलंसुद्धा नाही.

११, रवि.
मेळावा झाला. कोणीतरी बॉनेटवर हात फिरवून "एकदम ओरिजिनल" म्हणालं. दुपारपासून तेवढंच ऐकतेय. टोपात जमलेलं हिरवं पाणी, मुंग्यांसकट, फडक्यातून गाळून परत रेडिएटरमध्ये. शी. लोणच्याची बरणी उघडी राहिली तर घर डोक्यावर घेणारा माणूस हा.

१३, मंगळ.
सकाळी टोप रिकामा. चाटूनपुसून स्वच्छ. "आटलं असेल," म्हणाले. एका रात्रीत, ह्या थंडीत.
थोड्या वेळाने शेजारची सुलभा आली. एकटी राहते बिचारी, काळू कुत्रा हीच काय ती सोबत. तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता, ओकत होता. "भावजी, गाडी काडशात? काळूक दोतोराकडेन व्हरूंक जाय."
काढली. ऐटीत काढली, हॉर्न वाजवत. डिचोलीला डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं ह्याने? मी तोंड उघडलं तर ह्यांनी माझं मनगट दाबलं. "रस्त्यार कितें तरी खाल्लां आसतलें." आणि मी गप्प बसले. येताना सुलभा ह्यांचे उपकार मानत होती. ह्यांनी मानूनही घेतले. इतकी किळस मला आजवर कशाची आली नव्हती, त्यात माझीही आलीच.
घरी पोचल्यावर डॉक्टरांना मीच फोन केला, कूलंटचं सांगितलं. आधी का नाही बोललात, म्हणाले. लगेच परत आणा, त्या विषावरचं औषध वेगळं.
तशीच सुलभाकडे गेले, सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "तुका थंयच म्हायत आशिल्लें?"
हो म्हटलं, दवाखान्यातच माहीत होतं.

१४, बुध.
ह्यांनी टाकी बसवून आणली. मला हाक मारून दाखवत होते, बघ, आता थेंब पडायचा नाही. तेवढ्यात सुलभा दवाखान्यात जायला निघाली, काळूला कालच परत नेऊन तिथे ठेवलंय. ह्यांनी गाडीचं दार उघडून धरलं. ती रिक्षात बसली. ह्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.
संध्याकाळी डॉक्टरांना फोन. काळूला सलाईन चालू आहे. मूत्रपिंडं तग धरतात की नाही ते उद्या कळेल. सकाळपर्यंत लघवी झाली तर आशा.
फोन ठेवला. हे बाजूलाच उभे होते. विचारलं काय, तर "सुलभा वाड्यार सगळ्यांक सांगतली गो?"