मुक्या घळीतून आलेली माणसं

१२ एप्रिल

आलो एकदाचा! अम्मान मागे पडलं. ते भोंगे, ते चढउतार, आणि ट्रेकिंग कंपनीचा तो ढेरपोट्या मालक, ज्याने डोंगर फक्त कॅलेंडरवर पाहिलाय. इथे गाडीतून उतरलो, समोर लाल कडे असे उभे ठाकले की मी चक्क शीळ घातली. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून.

कॅम्प मात्र बघण्यासारखा आहे. बकरीच्या केसांचे म्हणून मिरवणारे तंबू हाताला प्लास्टिक लागतात. कॅम्पचा मालक हाजी सुवेलिम इथल्याच वाळवंटी टोळ्यांतला, बदूंपैकी. बोलतो कमी, खाकरतो जास्त. स्वयंपाकी रिफाअत इजिप्तचा, त्याचं तोंड मिटतच नाही. चहात पाण्यापेक्षा साखर जास्त. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाला, "बाशा, कडू तुम्ही आहातच, चहा तरी गोड प्या." उद्धट माणूस. दोन पेले प्यायलो.

काम सोपं आहे. सकाळी पाहुण्यांना चालवत न्यायचं, कडे आणि घळी दाखवायच्या, दुपारनंतर परत आणायचं. जीप नाही, उंट नाही. आपल्याला पाय आहेत याची लोकांना आठवण करून द्यायची. आज फार बरं वाटतंय.

१५ एप्रिल

पाहुणे! एक जण पांढरेशुभ्र बूट घालून आला आणि वाळू चुकवत चालला. वाळवंटात. दुसऱ्याने विचारलं, हे खडक रंगवलेत का. हो म्हटलं, दर शुक्रवारी. त्याने मान डोलावली.

दक्षिणेला दोन कड्यांच्या मधून एक अरुंद घळ जाते. तिला साकिता म्हणतात, म्हणजे मुकी. दिवसभर सावली, आणि पलीकडे थेट आम्ही जेवायला बसतो त्या बाभळीखाली निघते. लांबचा वळसा सहज वाचेल. पण हाजीने तिकडे जायचं नाही म्हणून बजावलं. का, विचारलं, तर म्हणे तिथे जो मागे राहतो तो शहाणा होऊन बाहेर येतो. मी म्हटलं, मग आपले सगळेच पाहुणे पाठवून देऊ. हाजी हसला नाही. लांबच्या वाटेवर त्याच्या चुलतभावाचं चहाचं दुकान आहे, हे मला कळत नाही असं वाटतं त्याला.

१८ एप्रिल

आजचं रत्न म्हणजे झरका शहराचा इंजिनिअर वस्फी. सोबत बायको, सुहैर. निघाल्यापासून रडगाणं चालू. ऊन लागतं, बूट चावतो, गुडघा दुखतो, पाणी कोमट आहे. दर वळणावर "उस्ताद, अजून किती?" सुहैर त्याच्या डोक्यावर पाणी ओतत, त्याच्यावर खेकसत, दोघांच्या पिशव्या वागवत चालली होती. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी सगळ्यांना साकितेत घातलं.

आत गारवा. आवाज खरंच मरतो तिथे. टाळी वाजवली तर उशीवर थापटल्यासारखी वाटली. मध्येच वस्फी एका दगडावर बसला, आता हलणार नाही म्हणाला. मी म्हटलं, बसा, पालखी पाठवतो. आम्ही वळण घेऊन पुढे निघालो. सुहैर मागे वळत होती, तिला मीच म्हटलं, चला, येईल झक मारत.

आणि आलाच की! आम्ही बाभळीखाली टेकतो न टेकतो तोच मागून आला. हसतमुख. बायकोच्या खांद्यावरच्या दोन्ही पिशव्या घेतल्या. परतताना एका शब्दाची कुरकुर नाही. हाजीचा शहाणपणाचा दवाखाना चालतो तर.

संध्याकाळी सुहैर जवळ येऊन हळूच म्हणाली, "उस्ताद बिशर, हा माझा नवरा नाही." मी म्हटलं, बाई, असा बदलून मिळाला तर लोक नवस फेडतात.

२० एप्रिल

बाईचं डोकं ठिकाणावर नाही. म्हणते, परवापासून त्याने पाण्याचा घोट घेतलेला नाही. घाम नाही, घोरणं नाही. विषय संपवावा म्हणून मी जाऊन त्याचा हात हातात घेतला. गार होता. भर उन्हात उभा होता आणि हात सावलीतल्या दगडासारखा गार. वाऱ्यामुळे असेल.

दुपारी सुहैर एकटीच गाडी घेऊन निघून गेली. त्याने हाकही मारली नाही. माझ्या तंबूसमोरची वाळू झाडत होता. तेवढ्यात हाजी आला, त्याला पाहून थबकला, सलाम केला. वस्फीने अगदी व्यवस्थित, पुरता सलाम परत केला. हाजीचा चेहरा उतरला, "देवाच्या नावानेही हटत नाही," असं काहीतरी पुटपुटला. मला म्हणाला, "कॅम्प बंद कर. आजच." आणि उंटावर सामान टाकून गावाकडे पळाला. कोणाला घाबरून? झाडू मारणाऱ्या माणसाला! बरं झालं. आता कॅम्प मीच चालवतो.

२४ एप्रिल

इर्बिदचे शाळामास्तर आले होते. त्यांच्यातला जुरैस वाटभर लग्नातली गाणी गात होता. सूर नाही, ताल नाही, लाज नाही. वस्फी न विचारताच आमच्यासोबत आला.

मी लांबची वाट धरली. घाबरून नव्हे. पाहुण्यांना जरा चालू दे म्हणून.

फाट्यावर वस्फी साकितेकडे वळला आणि सगळे मास्तर त्याच्यामागे, जणू वाटाड्या तोच. मी ओरडलो. कोणी थांबलं नाही. मी तोंडाशीच उभा राहिलो. आत का गेलो नाही ते लिहीत नाही.

त्याच तोंडातून परत बाहेर आले ते एका रांगेत. सगळे हसतमुख. कोणी पाणी मागितलं नाही, कोणी फोटो काढला नाही. जुरैस गप्प होता.

आणि ते असे माझ्यासमोर तोंड मिटून उभे असताना घळीच्या आतून गाणं ऐकू आलं. घसा बसलेला, तोच बेसूर, त्याच जागी चुकणारा. आणि त्याच्यामागे आणखी कोणीतरी, क्षीण आवाजात,

उस्ताद, अजून किती?

२५ एप्रिल

पोलीस चौकीला फोन केला. आत माणसं अडकलीत म्हटलं. त्यांनी नावं विचारली, मी सांगितली. हे सगळे आत्ता कुठे आहेत, विचारलं. मी म्हटलं, इथे, माझ्यासमोर. मग फोन त्यांच्याकडेच द्यायला सांगितला. जुरैस इतकं गोड बोलला की शेवटी हवालदाराने मलाच उन्हात टोपी घालून फिरायचा सल्ला दिला.

ते परत जात नाहीत. व्हॅन तशीच उभी आहे. भर दुपारी उघड्या डोक्याने कड्याकडे तोंड करून उभे असतात.

२७ एप्रिल

रिफाअत —

सकाळी स्वयंपाकघरातून ओरडा नाही. शेगडी थंड. चहा मागितला. "आत्ता आणतो, उस्ताद." नेहमीचं बाशा नाही. उस्ताद!

मी त्याच्या चहाला शिव्या दिल्या. त्याच्या देशाला. त्याच्या आईला. काल त्याने किटली माझ्या डोक्यात घातली असती. आज हसून म्हणाला, तुमचं खरं आहे.

काल म्हणत होता, आत कोणीतरी तहानलंय, पाणी नेऊन देतो. मी म्हटलं, जा, तेवढाच सवाब, तेवढंच पुण्य.

एखादा तरी कुरकुर करा रे. कोणीतरी.

२९ एप्रिल

सुहैरचा फोन. उद्या येतेय. मी म्हटलं, येऊ नका. तो आहे, ठीक आहे, झाडतो, पुसतो —

तिने मध्येच तोडलं. "तो तुम्हालाच लखलाभ. मला माझा हवाय. रडका, घामट, घोरणारा. आतच आहे ना तो?"

हो म्हटलं. आवाज ऐकलाय म्हटलं.

ती बराच वेळ रडली. मग तिनेच विचारलं, तुमच्याकडे मजबूत दोर आहे का.

३० एप्रिल. साकितेच्या तोंडाशी

ती आत गेली. पाण्याच्या पिशव्या घेऊन. दोराचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं माझ्या. हिसका बसला की ओढायचं, एवढंच ठरलंय. जाताना म्हणाली, यावेळी पुढे निघून जाऊ नका.

ते मागे आलेत. सगळे. त्यांच्याकडे बघायचं नाही म्हणून लिहितोय.

ऊन डोक्यावर. दोर सरकतोय. थांबला.

सुहैर बाहेर आली. हसत. कमरेला दोर नाही.

माझा दोर अजून आत ताणलेला —

ती शेजारी बसली. सोडा आता, उस्ताद, हात सोलतील. किती गोड आवाज. खरी कधी माझ्याशी गोड बोललेली नाही.

हिसका. परत हिसका. ओढतोय. एका हाताने लिहून दुसऱ्याने — नाही. थांब.

आतून भांडण ऐकू येतंय! ती ओरडतेय, पाय उचल, मेल्या, उचल! आणि तो म्हणतोय बूट चावतो. बूट! इतकं सुंदर मी कधी —

जुरैस. गातोय. रिफाअत शिव्या देतोय, मलाच देतोय, नाव घेऊन. सगळे दोराला धरून —

यांचे हात आले. माझ्या हातांवर. गार. किती अदबीने. तुम्ही दमलात. आम्ही धरतो. द्या.

देणार नाही

वळणावर तिचा हात दिसला. त्याच्यामागे तो. गुडघा दुखतो म्हणतोय, जरा हळू. हळूच ओढतोय रे गाढवा, ये, थोडंच राहिलंय, रड, ओरड, काय वाटेल ते बोल, फक्त गप्प नको रा