नाव सांगून उतरायचं

बोरगाव मेघे,
२ मे २०२४

चि. सौ. सपनास,
दादाचे अ. उ. आ.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या खुशालरावांच्या भाजीच्या गाडीतून पाठवतो आहे. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

सुटीपुरती गुंजनला आमच्याकडे ठेवताना तू म्हणाली होतीस की पोरगी चारचौघांत तोंडच उघडत नाही, आणि अशीच राहिली तर तिला इथे वर्ध्याच्या शाळेत घालायचं नाही असं खुशालरावांनी ठरवलं आहे. मी आधी संस्कृत मास्तराचा उपाय केला. रोज एक स्तोत्र, खड्या आवाजात. ओठ तिचे हलले, आवाज माझाच होता. शेवटी तुझ्या वहिनीने तिला तलावावर पोहण्याच्या वर्गात नेऊन घातलं.

तिथे शिकवणाऱ्या काजलताईंचा नियम असा की काठावर उभं राहून आपलं नाव आणि पोहता येतं की नाही हे मोठ्याने सांगायचं. त्याशिवाय पाण्यात पाय नाही. तुझी कन्या रोज कोरडी बसून परत येते. समाधी म्हणावी, तर डोळे टक्क उघडे.

वांगी पोचली. माया त्यांच्यासारखीच ताजी असू दे.
तुझा दादा

आंजी (मोठी),
४ मे

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि झारा कढईतच राहिला. पोहणं? माझ्या गुंजनला? तुम्ही स्तोत्रं म्हणवून घ्याल या भरवशावर पोर ठेवली! सासूबाई म्हणतात, बोलत नाई म्हनून पोरीले कोनी पान्यात टाकते काय? हे मात्र ऐकून मोटरकडे निघून गेले. यांना काय, निम्मं आयुष्य विहिरीत. मोटरच्या पाइपाच्या बुडाचा फुटवॉल गाळाने चोंदला की त्या पाइपाला धरून सरळ खाली. पण ती लहान आहे हो. उद्या यांच्या गाडीत बसवून तिला परत पाठवा.

वहिनींना नमस्कार. रागावले असले तरी धाकटीच आहे, तेवढं ध्यानात ठेवा.
सपना

बोरगाव मेघे,
१२ मे

चि. सौ. सपनास अ. उ. आ.

गुंजन आली नाही, याचा दोष माझ्यावर ठेवू नकोस. गाडीत बसायला तिनेच नकार दिला. हो, नकार. तोंडाने.

गाडी आली त्या सकाळी तलावावर काय झालं ते ऐक. बसल्या जागेवरून ती उठली आणि ओरडली की गुंजन खुशाल, मुक्काम आंजी, पोहता येत नाही! मी इतका दचकलो की चष्मा पाण्यात गेला. माझे विद्यार्थी काही येत नसताना येतं म्हणून उभे राहतात. 'येत नाही' इतक्या थाटात सांगणारी ही पहिलीच. मग ती उतरली. आता पाण्यावर उताणी निजते, हात सोडून. पाणी आपल्याला धरतं हे एकदा कळलं की पोरं माणसांनाही कमी भितात, असं काजलताईंचं मत. मी वाद घातला नाही, कारण काल किराणा दुकानात ती म्हणाली की काका, नंबर आमचा आहे. तिथे मी वर्षानुवर्षं लोकांना पुढे जाऊ देत उभा असतो.

राग ओसरला की चार ओळी लिही. नाही ओसरला तरी लिही.
तुझा दादा

आंजी (मोठी),
९ जून

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. अक्षर सांभाळून घ्या.

गुंजन घरी आली त्याच आठवड्यात फुटवॉल चोंदला. हे नेहमीसारखे पाइप धरून उतरायला निघाले. मजूर बाया होत्या, शेजारचे चिंधूभाऊ होते. गुंजन यांच्यापुढे आडवी झाली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली की बाबा, पयले नाव सांगा, अन् पोहता येते का थे सांगा. बाया खिदळल्या. चिंधूभाऊ म्हणाले, खुशाल, तुह्या पोरीले वर्ध्याचं पानी चढलं गा!

हे हसले नाहीत. तिने पुन्हा विचारलं. यांनी नाव सांगितलं. मग पाइपाकडे पाहत म्हणाले, नाई येत.

दादा, लग्न झाल्यापासून पाहते आहे, हे उतरतात आणि मी काठावर बायांशी गप्पा मारत उभी असते. पाइप हातातून सुटला असता तर? सासूबाईंनी यांचा दंड पकडला. त्यांच्या लेकाला पोहता येत नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग उतरायचं नाई, असं म्हणून गुंजन हलेचना. शेवटी सगळ्यांनी दोर लावून पाइपच वर ओढला. त्यात दिवस गेला, वांगी कोमेजली.

त्यानंतर हे पोरीशी बोलेनात. चारचौघांत मान खाली घालायला लावली तिने. मी मनाशी धरलं, शाळा बुडाली.

आज सकाळी अंगणातून सासूबाईंची किंकाळी आली. धावले, तर यांचं तोंड घमेल्यातल्या पाण्यात, आणि गुंजनचा हात यांच्या मानेवर! नाकानं हवा सोडा बाबा, नाकानं, असं ती सांगत होती. मी तिला ओढायला गेले, तर यांनीच हात वर करून मला थांबवलं. मग वर आले. डोळे लाल, मिशीतून पाणी गळतंय, ठसका थांबेना. तशातच मला म्हणाले की तुह्या दादाले लिही, शाळा उघडली का आमी दोघंबी येतो, हे पोरगी शाळेत अन् मी तलावावर.

मी काही बोलायच्या आत यांनी पुन्हा तोंड घमेल्यात घातलं.

थोरपण आहेच तुमचं, आता आमच्या माणसालाही पदरात घ्या.
तुमची
सपना