गुरुजींची वेळ

६ जानेवारी, सोमवार
ह्यांच्या चॅनेलला आज एक लाख लोक झाले! सोलापुरात आमच्या देवघरात बसून हे मंत्र म्हणतात आणि तिकडे टोरांटोत माणसं हात जोडतात. मी दारात उभी राहून बघतच राहिले. सायकलवरून सत्यनारायण सांगत फिरणारा माझा नवरा - आता 'एकनाथ गुरुजी' म्हणून परदेशातून फोन येतात. जेवताना मात्र मान खाली. एका हातात घास, दुसऱ्या हाताने कॉमेंटना उत्तरं.

९ जानेवारी
परत छातीत धडधड, हात गार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे हो. मनावर ताण आहे. घरात कुणाशी बोलता?" काय सांगू? ह्यांच्याशी लाख लोक बोलतात, मी सोडून.

११ जानेवारी
"तुझ्या प्रकृतीसाठी जप करू घरी," हे आपणहून म्हणाले. लई बरं वाटलं. ठेवणीतली इरकल नेसले. ह्यांच्या उजवीकडे बसले, हाताला हात लावला. संकल्प सुरू झाला - गोत्र भारद्वाज, नावं टोरांटोच्या कुलकर्ण्यांची! आमचं गोत्र कौशिक. पळीतलं पाणी ताम्हनात सोडून मोकळे, ह्यांना पत्ताच नाही. म्हणजे बरं वाटणार ते कुलकर्णीणबाईंना. आधी हसू आलं. मग रडू आवरेना. "काय झालं गं?" म्हणाले, तेवढ्यात फोन वाजला. उठून गेले.

१२ जानेवारी
मोडनिंबला आईकडे आले.

१५ जानेवारी
ह्यांचा मेसेज येतो - 'औषध घेतलंस का'. बोलायला फोन नाही. शेवटी मीच इतर यजमानांसारखी पूजेची वेळ घेतली, माहेरच्या नावाने. आई म्हणाली, "वेडी का खुळी तू?" असेन.

१७ जानेवारी
पडद्यावर हे. गंध, उपरणं, मान खाली. "गोत्र सांगा."
"कौशिक."
"नाव?"
"यशोदा. तुमचीच की."
मान वर झाली. मग पळी उचलली आणि संकल्प केला, माझं नाव घेऊन. सतरा वर्षं हा आवाज ऐकतेय, पण आज अंगावर काटा आला. "कामना काय?" त्यांनी विचारलं.
"माझी राहू द्या," मी म्हटलं. "तुमची सांगा."
त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. आणि मग सांगत सुटले.

१८ जानेवारी
पहिल्या गाडीने घरी आले. डॉक्टरीणबाईंकडे उद्याची वेळ घेतली आहे, ह्यांच्यासाठी. लाख लोकांना धीर देणाऱ्या माणसाचे हात वर्षभर गार पडताहेत.