गेंडा अजिबात आवाज करत नाही

२ मार्च, सकाळी ७
संकल्प. मुलीला या आठवड्यात ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच. तिला तीस तारखेच्या आत तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म कॉलेजला पाठवायची आहे. ॲडमिशन त्यावरच. आपल्या कॉम्प्युटरवर एका सेकंदाचं चित्र तयार व्हायला दिवस लागतो, म्हणजे फिल्म पूर्ण होता होता ती आजी होईल.

मेहुण्याने न विचारता सल्ला दिला. म्हणे, ससाणा कंपनीचं घ्या, स्वस्त आहे आणि पुरून उरेल. ससाणा! गेंडा कंपनीच्या चाहत्यांच्या आमच्या ग्रुपवर (सदस्य एकतीस, ॲडमिन मी) हा शब्द उच्चारायला बंदी आहे. मेहुण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, पंधरा वर्षं तेच करतोय. त्यामुळे दृष्टी संकुचित झाली आहे.

५ मार्च
ग्रुपवर पक्की बातमी: गेंड्याची किंमत पडणार. थांबायचं. घाई करतात ते ससाणावाले.

९ मार्च
किंमत वाढली. हेही चांगलंच. ज्याला मागणी नाही त्याची किंमत कशाला वाढेल? बायको इस्त्री करत होती, तिला किंमत आणि मूल्य यांतला फरक अर्धा तास समजावला. तिचे सात शर्ट झाले. शेवटी म्हणाली, पोरीचे आठ दिवस गेले. तिला मूल्याचा मुद्दा नीट समजलेला नाही.

१२ मार्च, संध्याकाळ
गेंडा घरी आला! महिन्याचा पगार गेला, पण खोका काय सुंदर आहे. खोक्याचे अकरा फोटो ग्रुपवर टाकले.

कार्ड कॅबिनेटमध्ये मावेना. दोष कॅबिनेटचा. आतली एक पट्टी करवतीने कापली, बोटही थोडं कापलं. शेवटी कार्डाची एक वायर उरली. हल्ली कंपन्या जास्तीची देतात. स्क्रीनची वायर कार्डाला लावली तर स्क्रीन काळी, जुन्या जागी लावली तर चित्र लगेच आलं. गेंडा जुन्याचा मान राखतो.

१३ मार्च
ग्रुपसाठी परीक्षण लिहिलं. ‘अजिबात आवाज करत नाही. हात लावून पाहा, गार. चालू आहे यावर विश्वास बसत नाही.’ सव्वीस अंगठे आले. रंगही जास्त गडद वाटतात. बायकोला दाखवले. ती म्हणाली, तुम्ही काल स्क्रीन पुसलीत.

१५ मार्च
मुलगी म्हणते, वेग होता तेवढाच आहे. तिला शांतपणे सांगितलं की नवीन कार्डाला रुळायला वेळ लागतो. उघडून बघू का म्हणाली. मी साफ नाही म्हटलं, वॉरंटी जाईल. मग म्हणाली, “बाबा, झालंय तेवढं तरी एकदा बघा ना.” बघणार आहे. आधी ससाणावाल्यांच्या एका खोटारड्या तक्त्याला उत्तर द्यायचं आहे.

२० मार्च
मुलीच्या तक्रारी बंद. कार्ड रुळलं. ती हल्ली क्लासवरून थेट मामाच्या दुकानात जाते, जेवायच्या वेळी येते. मामाला मदत करत असेल. पोरीला माणसांची ओढ आहे, माझ्यावर गेली आहे.

३० मार्च
फिल्म वेळेत गेली! ग्रुपवर जाहीर केलं: गेंड्याने करून दाखवलं. मुलीने ते वाचलं आणि उठून आत गेली. भारावली असावी.

१४ एप्रिल
मुलीची निवड झाली. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू.

मेहुणा पेढे घेऊन आला. मी त्याला गेंड्याची शांतता ऐकवायला नेलं. त्याने थोडा वेळ कान दिला आणि न विचारता कॅबिनेट उघडलं. उरलेली वायर कार्डात खोचली, स्क्रीनची वायर बदलली. पंखे गरगरायला लागले. गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज.

“भाऊजी,” तो म्हणाला, “याला आजवर वीजच मिळाली नव्हती.”

फिल्म त्याच्या दुकानात झाली. ससाण्यावर. बायको इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मुलगी हसली नाही, त्याचंच जास्त लागलं.

परीक्षण काढून टाकणार नाही. त्यात एक अक्षर खोटं नाही.

२० एप्रिल, दुपार
आज कॉलेजात निवडलेल्या फिल्म दाखवणार, पालकांना बोलावलं आहे. संकल्प: पहिल्या रांगेत बसायचं. मोठ्या पडद्यावर ससाण्याची लबाडी लपत नाही. सावल्यांच्या कडा फाटतात, केस चिकटलेले दिसतात. वही घेतली आहे. मेहुणाही येणार आहे, बरंच झालं.

२० एप्रिल, संध्याकाळ
तीन मिनिटं डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. सावल्या तपासल्या. केस तपासले. पाण्याचा एक लांबलचक प्रसंग होता, त्यातले थेंबही तपासले. एकही दोष नाही. वही कोरी.

दिवे लागले तर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बायको रडत होती. मेहुणा चष्मा पुसत होता. मुलगी गर्दीतून थेट माझ्याकडे आली, सगळ्यांना सोडून. तिचा हात गार पडला होता.

“बाबा, तो म्हातारा तुम्ही आहात. ओळखलंत ना?”

मी म्हटलं, हो.

फिल्ममध्ये म्हातारा होता हे मला तेव्हा कळलं.