वांग्याचं पथ्य सुटलं तेव्हा

आई, तू गेलीस तेव्हा लोक म्हणाले, बाईनं कॅन्सरला हरवलं, शेवटी हृदयानं दगा दिला. तेराव्याला मीही तेच बोलले, आणि चांगलं बोलले. आता ते वाक्य आठवलं की तोंड कडू होतं. दवाखान्याच्या लेखी तू बरी झाली होतीस. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, नांदेडला शेक, म्हणजे ते रेडिएशन, मग तपासण्या, मग सुट्टी. सुट्टीनंतर तू कशी जगलीस, हे त्यांनी विचारलं नाही. आपल्या घरात इतकी पुस्तकं, आपणही विचारलं नाही.

नायगावचं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. शेक संपवून तू आलीस ती पथ्यं घेऊन. तिखट नको, आंबट नको, वांगं नको. आणि एक शेवटचं, जे डॉक्टरांनी कागदावर मान खाली घालून सांगितलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, तुझ्या शेजारीच उभी होते. "आणि मालकांपासून सध्या जरा जपा." बस्स. सध्या म्हणजे कधीपर्यंत, ते सांगितलं नाही. बाबांनी त्याच दिवशी आपली खाट बाहेरच्या खोलीत नेली. काही महिन्यांनी तेच डॉक्टर म्हणाले, "आता सगळं खा, काकू." परतताना तू बसस्टँडवरून वांगी घेतलीस. भरलं वांगं केलंस, हात सैल सोडून तेल घातलंस. बाबा जेवताना म्हणतात, "लई दिवसांनी." तू हसतेस. मी तुला तसं हसताना पुन्हा पाहिलेलं नाही. खाण्याचं पथ्य सुटलं. दुसऱ्याबद्दल डॉक्टर बोलले नाहीत, आणि तू तर शाळामास्तरीण, फळ्यावरची सूचना पुसेपर्यंत ती पाळणारी. खाट बाहेरच राहिली.

पुढे मी लातूरला संसार थाटला, सभांमधून बायकांच्या हक्कांवर बोलू लागले, टाळ्या मिळू लागल्या. एकदा दिवाळीला आले आणि तुला सरळ विचारलं, बाबा अजून बाहेर का झोपतात? तू मेथी निवडत होतीस. "भाषणं बाहेर करत जा," म्हणालीस. मी हलले नाही. मग मेथीकडेच बघत म्हणालीस, "डॉक्टरांनी ते पथ्य सोडलं न्हाई की अजून." आणि मग आणखी हळू, "तुझ्या बाबांना बी किळस आली असंल." मला त्यातलं काही कळत नव्हतं. दवाखाना म्हणतो म्हणजे जन्मभराचंच असेल, असं मला खरंच वाटलं.

यंदा तोच आजार मला झाला. शेक झाला, आणि आज लातूरच्या दवाखान्यात माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टरीण म्हणाली, "आता सगळं नॉर्मल खा." मी म्हटलं, खाण्याचं नाही विचारत, नवऱ्याजवळ कधी जायचं ते सांगा. तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग फाइलवरच्या वयाकडे. "तुम्हाला? आता?" मी म्हटलं, हो, मला, आता. मग ती हळूच इंग्रजीत सुरू झाली. मी म्हटलं, मराठीत सांगा आणि मोठ्यानं सांगा, बाहेर बायका बसल्यात. तिनं सांगितलं, हे तिच्या बाजूनं नोंदवते. लांब राहायचं ते काही आठवडेच. पुढे आत कोरडं पडतं, वाट आकसते, दुखतं. त्यावर जेल आहे, वाट मोकळी ठेवायचं साधन आहे, ते वापरायला शिकवतात. नवऱ्याला हा आजार लागत नाही. काही आठवडे, आई. एक चहा संपायच्या आत सांगून झालं. नवं मशीन आलं, इमारतीवर मजले चढले, जिन्यात तंबाखूची चित्रं लागली, आणि एवढं सांगायला अजून माणूस नेमलेला नाही. जी तोंड उघडेल तिला उत्तर. बाकीच्यांनी मरेपर्यंत पथ्य पाळावं.

बाहेर आले तर धर्माबादची एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "ताई, बरं केलं विचारलं. आमच्या मालकाला बी आत बोलवून सांगा म्हणा. माझ्या हातचं पाणी प्यायना ते."

शेजारची म्हणाली, "पाण्याचं ऱ्हाऊ दे, आधी घरात झोप म्हणावं त्याला!"

अख्खा बाक हसला. सोबत आलेला माझा नवरा तेवढा खिडकीबाहेर बघत राहिला, पण त्याचे कान लाल झाले होते.

तू गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात. मी घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? मी म्हटलं, सगळं सुटलं. ते खाटेच्या कडेला बसले. मग म्हणाले, "तुझ्या आईचं सुटलं त्या दिवशी वांगं केलतं तिनं. म्हटलं, खाट आत घ्यावी का, विचारावं. मग म्हटलं, तिला इतका त्रास झालेला, तिनंच बोलवावं. तिनं काई बोलवलं न्हाई. मन उडलं असंल तिचं."

आई, तू डॉक्टरांची वाट बघत होतीस आणि बाबा तुझी. तुझं ते मेथी निवडतानाचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते सांगितलं तर या वयात त्यांच्या पदरात काय पडेल? आणि नाही सांगितलं तर ते तुझं मन उडालं असं समजूनच जातील. मी विचारलं, दूध गरम करू का?

उद्या नांदेडला ह्याच विषयावर माझं भाषण आहे. नाव न घेता तुझी गोष्ट सांगणार आहे, वांग्यासकट. बाबा म्हणाले, मी येऊ का ऐकायला? मी म्हटलं, फार गर्दी असते, तुम्हाला बसवणार नाही.

खोटं बोलले. ह्या विषयाला गर्दी होत नाही.