डबीतला घास

४ नोव्हेंबर, मंगळवार
डबीतून आज मेंढपाळाचं वचन निघालं. शनिवारीही तेच निघालं होतं. हिरवी कुरणं, शांत पाणी. चष्मा लावून दोनदा वाचलं, गुंडाळून परत ठेवलं, चहा घेतला. काही झालं नाही.

पुढच्या मंगळवारी सु.ला जाऊन चार महिने होतील. (पूर्ण नाव लिहायला गेलो की पेन अडतं, म्हणून सु.) तिच्याशिवाय चिमटा धरायची सवय अजून झालेली नाही. दोन-दोन चिठ्ठ्या येतात.

५ नोव्हें.
डबी उघडलीच नाही. दाढीही नाही.

९ नोव्हें., रविवार
चर्चला गेलो. इंदूरच्या लेकीला, नीताला, फोनवर ‘जातो’ म्हटलं होतं, म्हणून. पाळकसाहेब दारात हात धरून म्हणाले, “यशवंत भाई, वचन में बने रहिए. वही रोज़ की रोटी है.” मी हो म्हटलं. भला माणूस आहे, त्याला काय सांगायचं. रोटी आहे खरी, पण तोंडाला चव नाही.

या हिंदी मुलखात उपासनाही हिंदीत. चाळीस वर्षं हिंदीतच गातोय, तरी देवाशी भांडायचं तर मराठीच लागते. घरात पवित्र शास्त्र मराठीत वाचणारी एकच होती. आता दर्पण कॉलनीच्या या दोन खोल्यांत मराठी फक्त या वहीत उरली आहे. आणि भिंतीपलीकडे पवार वहिनी, पण त्यांचं देवघर वेगळं.

११ नोव्हें., मंगळवार
चार महिने.
नीताचा फोन. पुन्हा तेच. “बाबा, आईला आजाराचं फेब्रुवारीपासून माहीत होतं. फेब्रुवारी! रिपोर्टवर तारीख आहे. मग आम्हाला का नाही सांगितलं? आपको भी कुछ नहीं बोला? सच में?”
नाही बोलली, म्हटलं.
“एकदा पण नाही?”
नाही.
पोरगी रडत होती. मला ॲसिडिटी म्हणून सांगितलं होतं. नर्स बाई, सदतीस वर्षं वॉर्डात काढलेली, तिला ॲसिडिटी कशी असते ते माहीत नव्हतं होय? चार महिने माझ्यासमोर बसून पोळी खाल्ली आणि मला कळलं नाही. तिच्यावर राग येतो. मग त्या रागाची लाज वाटते. मग देवावर येतो, त्याची लाज वाटत नाही.

१४ नोव्हें., शुक्रवार
आजचा घास: ‘घाबरू नकोस’ या अर्थाचं काहीतरी. कोणाला सांगतोय?

घास हा शब्द आमच्या घरातला. कापडमिल बंद पडली त्या वर्षी मी बिड़ला नगरच्या क्वार्टरमध्ये भिंतीकडे तोंड करून पडून असे. जेवत नसे. वीव्हिंग मास्टरला घरात काय काम? सु. ड्यूटीवरून येई, आंघोळ करी, मग जुन्या केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर वचनं लिहीत बसे. पट्ट्या कापायच्या, गुंडाळायच्या, मिलमधून आणलेल्या छोट्या लाकडी पेटीत उभ्या ठेवायच्या. तीच डबी. सकाळी चहाच्या आधी तिच्या ड्रेसिंगच्या चिमट्याने एक उचलायची. “पोळी नको तर नको. एवढा एक घास घ्या.”

मी चष्मा शोधत बसायचो, म्हणून माझी चिठ्ठी तीच वाचायची, मोठ्याने. मग स्वतःची काढायची, ती मनात वाचायची. तीस वर्षं. मी रोज विचारायचो, “माझं काय निघालं?”

१७ नोव्हें., सोमवार
मेंढपाळ. तिसऱ्यांदा. आता मेंढरालाही कंटाळा आला.

२० नोव्हें., गुरुवार
थंडी पडली. उन्हात खुर्ची टाकून डबी मांडीवर ओतली. सगळ्या चिठ्ठ्या उलगडल्या, एकेक वाचली. शांती, आश्रय, सावली, पंख, अश्रू पुसणं, थकलेल्यांना विसावा. सगळं गोड. साखर वाढेल एखाद्याची.

आयुष्यभर कापड तपासलं. एवढ्या लांबीच्या ताग्यात एकही दोष नाही असं कापड नसतं. असलं तर कोणीतरी दोष कापून बाजूला काढलेला असतो.

मग तिचं जाड शास्त्र काढलं. स्तोत्रं पहिल्यापासून वाचायला लागलो. अर्धी अधिक रडारड आहे. किती वेळ विसरणार आहेस, तोंड का लपवलंस, हाडं मोडली, मित्र दूर गेले. स्तो. ८८ तर सुरू अंधारात आणि संपतंही अंधारातच, शेवटी दिवा लावायलासुद्धा कोणी येत नाही. हे कधी आमच्या डबीत कसं निघालं नाही?

मी जन्माचा ख्रिस्ती. बाप नगरला मिशनच्या शाळेत घंटा वाजवायचा. आणि मी हे पुस्तक घासाघासाने खाल्लं, दुसऱ्याने भरवलेलं. ताट कधी पाहिलंच नाही.

२१ नोव्हें.
दिवसभर पडून. पवार वहिनींनी भाजी पाठवली, झाकून ठेवली आहे.

२६ नोव्हें., बुधवार
सकाळी वहिनी आल्या. हातात सु.चा शिलाईचा डबा आणि वर लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी.

“भाऊजी, हे तुमचं सामान माझ्याकडेच राहून गेलं होतं. सुमनताई दवाखान्यात गेल्या ना, त्या सकाळी डबा देऊन गेल्या. म्हणाल्या, पोरीच्या साडीला फॉल लावून घ्या, मला आता कुठे जमणार. आत टाचण्यांखाली ही पुडी होती. देवाचं लिहिलेलं दिसलं. मी वाचलं नाही हं, बिलकुल नाही. पण देवाचं टाचण्यांत कसं ठेवू? म्हणून देवघरात ठेवलं. मग ते सगळं झालं आणि परत द्यायचं ध्यानातच राहिलं नाही. उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, देवघर आवरायला काढलं तेव्हा आठवलं.”

रोज हळदीकुंकू वाहिलेलं होतं पुडीवर. पाच महिने. वहिनी ओशाळल्या. “चालतं ना तुमच्यात? चूक झाली असेल तर माफ करा.”

मी म्हटलं, वहिनी, माझ्यापेक्षा तुम्ही बरं सांभाळलंत. हे खरंच म्हटलं, बरं वाटावं म्हणून नाही.

त्या गेल्यावर फडकं सोडलं. आत गॉजची पट्टी, तिच्या पद्धतीने बांधलेली. पट्टीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात, औषधाच्या बाटलीवर लिहावं तसं: ‘यांना नको.’

आत चिठ्ठ्या. त्याच केसपेपरच्या. तोच कागद, तीच शाई, आता तपकिरी झालेली.
पुढचं उद्या लिहीन.

२७ नोव्हें., गुरुवार
नाही लिहिलं जात.

२८ नोव्हें., शुक्रवार
लिहितो. डबीत आधी सगळं होतं, गोड आणि कडू. आता आठवलं. पहिल्याच आठवड्यात मला एक भलतं निघालं होतं, राखेत बसून आपल्या जन्मदिवसाला शाप देणाऱ्याचं. मी ते ऐकलं आणि दोन दिवस पाणीही प्यायलो नाही. त्यानंतर तिने निवडलं असणार, तांदळातले खडे काढावे तसं. मला तांदूळ. खडे स्वतःकडे.

म्हणजे रोज सकाळी ती मनात वाचायची ते हेच. एक गोड काढून मला मोठ्याने, मग पुडीतली एक पदराआड स्वतःला. आणि मी समोर बसून बशीत चहा ओततोय.

तीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही, “तुझं काय निघालं?” एकदाही नाही. वीस वेळा आठवून पाहिलं.

२९ नोव्हें.
चिठ्ठ्यांच्या मागे पेन्सिलने तारखा आहेत. बारीक, एकाखाली एक, आणि प्रत्येकीपुढे तिची सही, ‘सु.’ वॉर्डात डोस दिला की चार्टवर तारीख आणि सही करायची, ती सवय. स्वतःला दिलेला डोस, स्वतःचीच सही.

मिल बंद पडल्यानंतरच्या तारखा आहेत. नीताच्या आधीचं बाळ गेलं त्याच्या वर्षश्राद्धाच्या म्हणाव्या अशा तारखा आहेत, दर वर्षी. आम्ही ते पाळत नाही, बोललोही नाही कधी. मला वाटलं ती विसरली. मी विसरलो होतो.

३० नोव्हें., रविवार
चर्चला गेलो नाही. पुडीतली स्तो. ८८ ची चिठ्ठी घेऊन उन्हात बसलो. मोठ्याने वाचली. मराठीत. आवाज फाटला, पण वाचली. चार महिन्यांत पहिल्यांदा शास्त्रातलं काहीतरी खरं लागलं. बरं वाटलं असं नाही. कोणीतरी माझ्याआधी याच खड्ड्यात बसलेलं होतं, एवढंच. तळाशी तिची सही होती.

दुपारी वहिनींनी आज पाठवलेली भाजी पोळीबरोबर खाल्ली. दोन पोळ्या.

४ डिसें., गुरुवार
त्याच चिठ्ठीचा मागचा भाग आज भिंग लावून पाहिला. या वर्षीच्या तारखा तिथे आहेत. रिपोर्टच्या दिवसाची आहे. आणि या तारखांपुढे सहीशिवाय आणखी काही लिहिलं आहे.

पहिलीपुढे: ‘यांना सांगायचं?’ त्याच ओळीत: ‘आज नको.’
पुढच्या आठवड्याची तारीख. ‘आज नको.’
होळीची. ‘आज नको, हसतायत.’
मग नुसतंच ‘आज नको’, ‘आज नको’, खालपर्यंत.
शेवटची १४ जून. पुढे फक्त ‘आज’. ‘नको’ नाही. सही नाही.

१५ ला तिला दवाखान्यात नेलं. रविवार होता.

६ डिसें., शनिवार
१४ जून. दोन दिवस तोच दिवस उकरतोय.

आमच्याकडे नळ एक दिवसाआड, सकाळी तासभर. मोटर वेळेवर लावली नाही तर टाकी कोरडी. त्या सकाळी तिने माझी चिठ्ठी वाचली, स्वतःची वाचली. चहा झाला. मी उठलो तर म्हणाली, “अहो, थोडं बसता का?”

मी म्हटलं, “नळ जाईल.”

एवढंच. मोटर लावली, टाकी भरेपर्यंत वर गच्चीवर उभा राहिलो, पवारांशी बोललो. खाली आलो तेव्हा ती कणीक मळत होती. मी विचारलं, काय म्हणत होतीस? म्हणाली, “काही नाही. पाणी आलं का पुरेसं?”

आलं, म्हटलं. टाकी काठोकाठ भरली होती.

७ डिसें., रविवार
पाळकसाहेब घरी आले. दोन रविवार दिसलो नाही म्हणून. पुडी टेबलावर होती, विचारलं नाही त्यांनी. प्रार्थना केली, हिंदीत, छान केली. जाताना म्हणाले, “उसकी दया हर सुबह नई है.” मी म्हटलं, साहेब, माझ्याकडे सकाळ एकच आहे, जूनमधली, तीच रोज येते. त्यांना मराठी कळत नाही. मान हलवली आणि खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. तेवढं बरं केलं.

१३ डिसें., शनिवार
आता रोज पुडीतलीच काढतो. डबी फळीवर. चिमटा लावत नाही, हाताने. मोठ्याने वाचतो. मागे तिच्या तारखेखाली आपली तारीख, आपली सही, ‘य.’ एकाच चार्टवर दोन पेशंट.

रडणं येतं ते आता वाचता वाचता येतं, आधी अवेळी यायचं. पिठाच्या गिरणीत, बँकेत. हा फरक आहे. याला विसावा म्हणायचं का ठाऊक नाही.

२१ डिसें., रविवार
नीताचा फोन. नाताळला येऊ का, विचारते. मुलांची शाळा, नवऱ्याची सुट्टी नाही, तरी येईन म्हणते. नको म्हटलं, थंडी फार आहे.

मग: “बाबा, एक पूछूँ? मला हेच छळतं की आई एकटीच होती. किसी को बताने का मन तो किया होगा ना? तिने कधी प्रयत्न केला असेल?”

पुडी समोरच होती.
म्हटलं, “माहीत नाही बेटा.”

२५ डिसें.
चर्चला गेलो. मागच्या बाकावर. गाणी झाली, केक वाटला. पवार वहिनींनी करंज्या आणून दिल्या, दर वर्षी सु. त्यांना द्यायची म्हणून या वर्षी उलट. मी म्हटलं बसा. बसल्या. बराच वेळ बसल्या.

२८ डिसें., रविवार
सकाळी नळ येऊन गेला. मोटर लावली नाही. मुद्दाम नाही, बसलो होतो आणि उठलो नाही. टाकीत आहे अजून थोडं.

स्तो. ८८ वाचलं. मग खोलीत मोठ्याने विचारलं, “तुझं काय निघालं?” माझाच आवाज मला ओळखीचा वाटेना.

साडेदहाला नीता. आज रडत नव्हती, ते जास्त वाईट. “बाबा, तुमचा आवाज असा का येतोय? तब्येत ठीक आहे ना? सच बोलो.”

सगळं ओठांवर आलं होतं. चिठ्ठी, ‘आज’, नळ, टाकी. तिच्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे आणि ते फक्त माझ्याकडे आहे. पण मागे नातवंडं हसत होती, कुठला तरी खेळ चालला होता, तीही मधेच त्यांना काहीतरी सांगून हसली.

म्हटलं, “ठीक आहे ग. ॲसिडिटी आहे थोडी.”

फोन ठेवल्यावर कळलं काय बोललो ते.

चिठ्ठी उलटी केली. तिच्या ‘आज’च्या खाली, माझ्या तारखांच्या शेवटी जेमतेम एका ओळीची जागा उरली आहे. आजची तारीख घातली. ‘नीताला सांगायचं?’ लिहिलं. पुढचे दोन शब्द लिहायला पेन्सिल टेकवली आणि तशीच धरून बसलो. अजून लिहिलेले नाहीत. ती पुढच्या रविवारी पुन्हा फोन करेल, साडेदहाला.